समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

अंबाडी नाक्यावर वाढवण बंदराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "वकीलसाहेब, आपल्याकडे समुद्र कुठे आहे? कोळ्यांचे भांडण कोळी लढतील. आपला काय संबंध?"

आम्ही म्हणतो, आपल्या तालुक्यातली गोदामे बघा. भाताची शेते गेली आणि तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. बंदरात उतरलेला माल इथे येऊन पडतो. ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याला जमिनीचा भाव मिळाला. त्याच शेतात लावणी-कापणी करणारा भूमिहीन, मग तो बौद्ध असो की कातकरी, कुठल्याच कागदावर नव्हता. त्याच्या वाट्याला हमाली आली, तीही ठेकेदाराकडची. हाच हिशेब आता समुद्राला लावला जात आहे, आणि समुद्राला तर सातबाराच नाही!

डहाणू तालुका जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर साफ नाकारले. पुढे अधिसूचना राहिली, शब्दांचे अर्थ मात्र फिरले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना 'बिगर-औद्योगिक' ठरवले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. (धर्माधिकारी २०१९ मध्येच गेले होते.) एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव टाकून बंदर उभे करायचे आहे. म्हणजे जिचे पूजन झाले ती भूमी तेव्हा पाण्याखालीच होती!

मग हे पाणी कुणाचे? एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे की समुद्रकिनारा, वाहते पाणी, जंगल यांचे सरकार केवळ विश्वस्त आहे, मालक नाही. चळवळीच्या माणसाला हा मुद्दा नव्याने शिकवावा लागू नये. महाडचे चवदार तळे खासगी आहे, असा दावा सवर्णांनी १९२७ मध्ये कोर्टात लावला. बाबासाहेब त्यात स्वतः प्रतिवादी होते. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे ते झगडले. सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगायला मालकीचा कागद लागत नाही, ही आमची जुनी लढाई आहे.

बाबासाहेब विकासाचे विरोधक होते, असे कुणी समजू नये. मजूरमंत्री असताना त्यांनीच दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. पाण्याचा लाभ कुणाला, हा सवाल मात्र त्यांनी सोडला नाही.

ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा परंपरागत हक्क मानला आणि राज्याला भरपाईचे धोरण करायला लावले. हे चांगलेच झाले. पण भरपाई मोजताना बोट, परवाना, सोसायटीचे सभासदत्व हेच पुरावे पुढे येतात. बोट मालकाची असते. तिच्यावर खलाशी म्हणून जाणारा आदिवासी, बंदरावर मासळी निवडणारी, सुकवणारी, टोपली घेऊन गावोगाव विकणारी बाई यांच्याकडे काय आहे? किनाऱ्यावरच्या चिंचणी-वरोर भागात घरोघर डाय बनवणारे कारागीर आहेत, त्यांचे काय?

डहाणू पेसा क्षेत्रात आहे. तिथल्या कार्यकर्त्यांना आम्ही एवढेच सुचवतो की बंदराला विरोध चालू ठेवा, कोर्टातही आणि किनाऱ्यावरही. पण त्याचबरोबर या सगळ्यांची नावे, काम आणि किती वर्षांपासून करतात ते, ग्रामसभेच्या ठरावाने आजच नोंदवून घ्या. ठरावाची प्रत तहसीलदाराकडे द्या आणि पोच घ्या. भिवंडीत ही नोंद वेळेवर कुणी केली नाही. आमच्याकडे माणसे आली ती जमिनी विकल्या गेल्यावर, आणि त्यांच्या हातात दाखवायला रेशनकार्डाशिवाय काही नव्हते.