आखाजीचा मांडा : आईच्या हाताचे तर्पण

वैशाख शुद्ध तृतीया ही साडेतीन मुहूर्तांत गणली जाणारी पवित्र तिथी. अन्यत्र या दिवशी सुवर्णखरेदीची आणि शुभकार्यारंभाची लगबग असते. खानदेशात मात्र ही तिथी 'आखाजी' होऊन येते आणि तिचा पहिला मान पितरांचा असतो. नंदुरबार, शहादा, तळोदा या तापीखोऱ्यातील घरोघरी त्या सकाळी मातीची घागर पाण्याने भरून पूजिली जाते. तिच्या तोंडावर लहानसे मातीचे भांडे ठेवून त्यावर खरबूज व आंबा ठेवतात. दिवंगतांचे एकेक नाव स्मरून उंबरठ्यावर कुंकवाचे बोट ओढले जाते. चुलीतील निखाऱ्यावर तूप व नैवेद्याचा घास अर्पण करतात; त्यास 'आगारी टाकणे' म्हणतात. धर्मशास्त्राने सांगितलेल्या उदकुंभदानाचेच हे लोकरूप होय. वैशाखाच्या वणव्यात पितरांची तृषा शमावी, ही त्यामागील भावना.

याच आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी घुमू लागतात. पितरांचे आगमन आणि लेकीचे आगमन एकाच दिवशी का बरे असावे? ज्या घरातील आई निवर्तली आहे, त्या घरी याचे उत्तर आपोआप उमगते. त्या दिवशी आई पितर होऊन येते आणि लेक माहेरवाशीण होऊन येते. दोघींची भेट व्हायची ती चुलीपाशी, खापरावरच्या मांड्यापाशी.

खानदेशची ही पुरणपोळी म्हणजे केवळ एक पक्वान्न नव्हे, ती एक साधना आहे. गहू ओलवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करावयाचे. कणीक मळून, पुनःपुन्हा तिंबून ती इतकी लवचीक करावयाची की ताणली तरी तुटू नये. हरभऱ्याची डाळ व गूळ शिजवून, वाटून, वेलदोडा व जायफळ घालून पुरण सिद्ध करावयाचे. पोळपाटाचे काम येथे थोडेच. खरी परीक्षा हातांची. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलीत, फिरवीत, कोपरापर्यंत पसरत नेतात आणि क्षणात चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकतात. ती भाजली की घडी घालून आमरसाबरोबर वा दूधतुपाबरोबर वाढावयाची. या क्रियेचे माप कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. कणकेचा सैलपणा, जाळाची धग, पोळी सोडण्याचा नेमका क्षण हे सारे आईच्या हातांकडे पाहूनच लेकीसुनांच्या हातांत उतरते. म्हणूनच आईच्या पश्चात तिची सून वा लेक मांडा हातावर घेते, तेव्हा आईचीच लकब त्या हातांत दिसते. याहून सजीव स्मारक ते कोणते?

मांड्याशी मातृवियोगाचे नाते आपल्या संतपरंपरेतही आहे. विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी देहत्याग केल्यावर त्यांची चारही लेकरे पोरकी झाली. पुढे मुक्ताबाईंना मांडे करावयाचे होते. परंतु विसोबा चाटीने कुंभारांना खापर देऊ दिले नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने आपली पाठ तप्त केली आणि मुक्ताबाईंनी तीवर मांडे भाजले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला तरी उरते ते फार मोठे आहे. आई नसलेल्या घरात धाकट्या बहिणीने आईचे काम हाती घेतले आणि खापर नव्हते तेथे भाऊ खापर झाला. हीच मुक्ताई पुढे शके 1219 मध्ये खानदेशात तापीतीरी मेहूण येथे अंतर्धान पावली. तीच तापी पश्चिमेस वाहत शहादा तालुक्यातील प्रकाशे येथे येते. तापी व गोमाईच्या संगमावरील, केदारेश्वराच्या या क्षेत्रास भाविक दक्षिणकाशी म्हणतात. तेथे 1954-55 साली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीची मातीची भांडी सापडली. माती, अग्नी आणि अन्न यांचे या खोऱ्यातील नाते असे हजारो वर्षांचे आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. 1998 साली धुळ्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे सुरत, नाशिक, पुणे येथे स्थिरावली आहेत. सदनिकेत चूल नाही आणि खापरही नाही. मांडे विकत मिळतात आणि ते करणाऱ्या भगिनींच्या कष्टांचा मानच राखला पाहिजे. पंगतीसाठी ते अवश्य आणावेत. परंतु नैवेद्याचा एक मांडा तरी घरच्या हातांनी व्हावा. तो फाटला, वेडावाकडा झाला तरी चालेल. ज्या माउलीने आपले पहिले बोबडे बोल गोड मानून घेतले, ती हा पहिला मांडा गोड मानून घेणार नाही काय? हे काम केवळ सुनांचे, असेही समजू नये. भाऊ खापर होतो तेथे मुलाने कणीक तिंबण्यात कमीपणा कसला?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नणंदेला बोलावणे धाडावे. आई गेली की माहेर सरले, असे अनेक लेकी मनोमन धरून बसतात. आईनंतरची पहिली आखाजी त्यांना फार जड जाते. घागर भरणे हे पुत्राचे कर्तव्य खरे. पण आईचा आत्मा जिच्यात गुंतलेला असतो ती लेक त्या दिवशी दूर उंबऱ्यावर वाट पाहात राहिली, तर ती घागर पूर्ण भरली असे कसे म्हणावे? भावजयीने हाक द्यावी, दोघींनी मिळून खापर चढवावे, एकीने लाटावे, दुसरीने हातावर पसरावे.

अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. सोने झिजते, वास्तू पडतात. पण आईने शिकविलेले हातांचे ज्ञान दिल्याने वाढते. पुढच्या पिढीच्या तळहातांवर ते ठेवावे, हेच आखाजीचे अक्षय्य दान!