वर्षभराची पक्षिगणना

एका वर्षात जास्तीत जास्त पक्षिजाती पाहण्याच्या विक्रमाचा नियम सोपा आहे: गणना १ जानेवारीस सुरू होते, ३१ डिसेंबरला संपते आणि प्रत्येक जात एकदाच मोजली जाते. अमेरिकेचे नोआ स्ट्रायकर यांनी २०१५ मध्ये जगभर हिंडून ६०४२ जाती नोंदविल्या. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या आर्यान द्वार्सहाउस यांनी तो विक्रम मोडला.

असा प्रयत्न रायपूरच्या परिसरापुरताही करता येतो. मात्र तेथे प्रवासापेक्षा ऋतूंचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. हिवाळ्यात बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाच्या तलावांवर उत्तरेकडून तलवार बदके येतात आणि उन्हाळ्यापूर्वी परततात. चातक व नवरंग यांच्यासाठी पावसाळ्याची वाट पाहावी लागते. ज्याचा हंगाम हुकला, त्याच्या यादीत त्या जातीची जागा रिकामीच राहते.

या विक्रमाचा खरा आधार निरीक्षकाचा प्रामाणिकपणा हा होय. झुडपात क्षणभर दिसलेल्या पक्ष्याला पुष्कळदा दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून ओळख निश्चित नसेल, तर ती नोंद वगळणेच योग्य; कारण एका संशयास्पद नावाने उरलेली सारी यादी संशयास्पद ठरते.