आबाजींचा फोटो आणि संत्र्याचा रंग

गेल्या वर्षी आमचे आबाजी गेले. तेरवीच्या आधी भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे होता. कोणता, हा प्रश्नच नव्हता. आदल्या हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या आमच्या मळ्यात आंबिया बहाराची तोड चालू असताना मी मोबाइलवर काढलेला फोटो सगळ्यांच्या आवडीचा होता. पांढरी बंडी, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत संत्री आणि मागे गर्द हिरवी झाडं. मोबाइलवर ती संत्री अक्षरशः पेटलेली दिसायची.

बारा बाय अठरा इंचाचा फोटो छापून घरी आणला. आईने बघितला आणि म्हणाली, "काऊन वं, मामाजी एवढे काळे काऊन दिसून राहिले?" खरंच, चेहरा काळवंडलेला होता आणि संत्री विटकरी. मी तावातावाने स्टुडिओत गेले. तिथल्या काकांनी ऐकून घेतलं, माझा मोबाइल मागितला आणि त्याचा ब्राइटनेस अर्ध्याच्याही खाली आणला. पडद्यावर जवळजवळ तोच काळा फोटो! "बेटा, मशीनने तू दिलं तेच छापलं," ते म्हणाले. मी गप्प झाले.

आपल्या मंडळात मराठी भाषा गौरव दिनाला दरवर्षी कोणीतरी फोटो छापून आणतं आणि "स्क्रीनवर असा नव्हता" म्हणत हळहळतं. म्हणून त्या आठवड्यात मी जे शिकले ते इथे लिहिते आहे.

मुळात पडदा आणि कागद ही दोन वेगळी माध्यमं आहेत. पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र आला की पांढरा रंग दिसतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. छपाईचे मूळ रंगही वेगळे: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि सोबत काळा. त्यामुळे कागदावरचा पांढरा हा त्या कागदापेक्षा जास्त पांढरा होऊच शकत नाही. साध्या एलसीडी पडद्यावर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांत साधारण हजारास एक असं अंतर असतं. चकचकीत फोटोपेपरवर ते शे-दोनशेच्या आसपास येतं आणि मॅट कागदावर आणखी कमी होतं.

आता संत्र्याकडे येऊ. मॅजेंटा आणि पिवळा मिळून नारिंगी होतो, पण पडद्यावरचा भडक नारिंगी बऱ्याचदा शाईच्या आवाक्याबाहेर असतो. मग यंत्र त्याच्या जवळचा, जमेल तो रंग घेतं. आपल्याकडच्या वऱ्हाडी शब्दाला हिंदीत नेमका शब्द सापडत नाही, तेव्हा आपण जवळच्या शब्दावर भागवतो, तसंच हे.

ही डोकेदुखी आजची नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा तैलचित्रातले रंग कागदावर आणायला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवत चित्र पूर्ण होई. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती अशा घराघरांत पोचल्या. दगडांच्या जागी आज प्रोफाइल नावाची छोटी फाइल आली आहे. अमुक प्रिंटर अमुक कागदावर कोणता रंग कसा उमटवतो, याची नोंद तिच्यात असते.

प्रत्यक्षात करायचं काय, ते आता क्रमाने सांगते.

पहिलं, पडदा ताळ्यावर आणा. मोबाइल किंवा मॉनिटरचा 'व्हिव्हिड' मोड आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करा. नवा मॉनिटर बहुधा छपाईसाठी फार उजळ असतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड पुरतो. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचा पांढरा त्याच्याएवढा दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. स्पायडरसारखं कॅलिब्रेशनचं यंत्र कोणाकडे मिळालं तर उत्तमच.

दुसरं, फाइल 'एसआरजीबी'मध्ये द्या आणि सेव्ह करताना प्रोफाइल सोबत ठेवा. 'अ‍ॅडोबी आरजीबी'तली फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या मशीनला दिली की रंग फिके पडतात. स्टुडिओला द्यायचा फोटो स्वतःहून सीएमवायकेमध्ये बदलू नका. ते ऑफसेटवर छापायच्या अंकासाठी लागतं, तेही छापखान्याला विचारून.

तिसरं, स्टुडिओकडे त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागा. फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये 'सॉफ्ट प्रूफ' केलं की छापल्यावर फोटो कसा दिसेल याचा अंदाज पडद्यावरच येतो आणि कोणते रंग हाती लागणार नाहीत तेही कळतं. घरच्या प्रिंटरवर छापत असाल तर रंग सांभाळायचं काम सॉफ्टवेअरकडे द्या किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे. दोघांनी सांभाळले की रंग दोनदा बदलतात.

चौथं आणि सर्वांत स्वस्त, आधी छोटा नमुना काढा. काकांनी चार बाय सहाच्या एकाच कागदावर आबाजींचा चेहरा, एक संत्रं आणि थोडी पानं असा तुकडा तीन वेळा छापला, दर वेळी थोडा जास्त उजळ करून. तो ओला असताना निकाल द्यायचा नाही, पूर्ण वाळू द्यायचा. मग दिवसाच्या उजेडात बघायचा आणि जिथे टांगणार तिथेही. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली एकच फोटो वेगळा दिसतो.

आम्ही मधला तुकडा निवडला. मोठा फोटो घरी आला. चेहरा स्वच्छ होता, बंडीच्या सुरकुत्याही दिसत होत्या. संत्री मात्र मोबाइलइतकी पेटलेली नव्हती. मी आईला आधीच सांगून ठेवलं, "संत्र्याचं काही जमलं नाही."

आईने टोपलीतलं एक संत्रं उचललं आणि फोटोतल्या संत्र्याजवळ धरलं. खरं संत्रं पिवळसर होतं, देठाजवळ थोडं हिरवट. मोबाइलपेक्षा ते कागदाशीच जास्त जुळत होतं.

"संत्रा असाच तं असते," ती म्हणाली. मग थोडा वेळ फोटोकडे बघत राहिली. "आता मामाजी वाटते."

इतके दिवस मी मोबाइललाच मूळ समजून त्याच्याशी कागद जुळवत होते. मूळ तर आमच्या टोपलीत होतं.