कायदा घटनाबाह्य ठरवायचा कोणी?

१७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जे अधिकार संघाकडे, म्हणजे सर्व राज्यांच्या सामाईक सरकारकडे, सोपवलेले नाहीत आणि राज्यांनाही निषिद्ध नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राखून ठेवले. मात्र संघाने मर्यादा ओलांडल्यास तसा निर्णय द्यायचा कोणी, याचे निर्विवाद उत्तर घटनेत नव्हते.

१७९८ मध्ये फ्रान्सशी युद्धाची चिन्हे दिसत असताना बळकट संघसत्तेच्या पुरस्कर्त्या फेडरलिस्ट पक्षाने राजद्रोहाचा कायदा केला आणि हा प्रश्न ऐरणीवर आला. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व बदनामीकारक लिखाण करणाऱ्यास या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती; उपराष्ट्राध्यक्षांना मात्र हे संरक्षण नव्हते, आणि त्या पदावर विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन होते, यावरून कायद्याचा रोख पुरेसा स्पष्ट होतो. व्हर्माँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना चार महिन्यांची कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला, तरी ते तुरुंगात असतानाच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

संघाच्या न्यायालयांत फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले न्यायाधीश असल्याने तिथे दाद मिळण्याची आशा नव्हती; म्हणून जेफरसन यांनी केंटकीसाठी आणि जेम्स मॅडिसन यांनी व्हर्जिनियासाठी, आपले नाव गुप्त ठेवून, या कायद्याविरुद्धच्या विधिमंडळांच्या ठरावांचे मसुदे लिहिले. घटना हा राज्यांमधील करार असल्याने तो मोडला की नाही हे करार करणाऱ्यांनीच ठरवावे, हा दोघांचाही युक्तिवाद. पण जेफरसन यांचा मसुदा प्रत्येक राज्याला घटनाबाह्य कायदा रद्दबातल मानण्याचा हक्क देत होता, तर मॅडिसन यांनी राज्यांनी मिळून हस्तक्षेप करावा, एवढ्यावरच थांबणे पसंत केले, आणि हा फरक पुढे निर्णायक ठरला. इतर एकाही राज्याने साथ दिली नाही. हा निर्णय न्यायालयांचा आहे, असे उत्तरेकडील अनेक राज्यांनी उलट कळवले. त्याच उत्तरेतील न्यू इंग्लंडच्या फेडरलिस्टांनी १८१४ मध्ये, सत्ता हातची गेल्यावर, हार्टफर्डच्या परिषदेत राज्यांच्या हक्कांचा आधार घेतला, तेव्हा या सिद्धांताचे नाते तत्त्वापेक्षा सत्तेबाहेर असण्याशी अधिक होते, असे म्हणणे भाग पडते.

१८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने संघाचा आयातकर आपल्या हद्दीत रद्दबातल जाहीर केला. त्यामागे त्याच राज्याचे नेते जॉन कॅलहून यांची मांडणी होती, आणि गुलामगिरीवर उद्या संघ हात घालेल ही मळेवाल्यांची धास्तीही होती. या राज्याने १७९८ च्या ठरावांचा दाखला दिला, तेव्हा ऐंशी उलटलेल्या मॅडिसन यांनी, एकट्या राज्याला असा अधिकार आपण कधीच दिला नव्हता, असे ठामपणे बजावले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी बळाचा वापर करण्याची परवानगी देणारा कायदा करवून घेतला, त्याच वेळी काँग्रेसने कर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे मान्य केले; त्यामुळे मार्च १८३३ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या अधिवेशनाने आयातकराविरुद्धचा ठराव मागे घेतला, पण त्याच बैठकीत बळाचा कायदा रद्दबातल ठरवला.