हातातलं ऑफिस (भाग 6) : फोन बदलताना काय अडतं?

सिल्वासाजवळच्या पिपरिया आणि मसाट भागात डिस्पॅच सांभाळणारी मंडळी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात : "अँड्रॉइड सोडून आयफोन घेतोय. काही जाणार तर नाही ना?"

फोटो आणि नंबर सहसा जात नाहीत. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप 2015 पासून ते काम करतं. अडतं ते व्हॉट्सॲपवर. या माणसांचं दफ्तरच तिथे असतं : बिल्टीचे फोटो, ड्रायव्हरचं लायसन्स, ई-वे बिलाची पीडीएफ. सिल्वासाहून गाडी नुसती वापीला गेली, तरी ती केंद्रशासित प्रदेशातून गुजरातेत शिरते. माल 50,000 रुपयांच्या वर असला की ई-वे बिल आलंच. चार महिन्यांनी पार्टी विचारते, "तो माल कुठल्या गाडीने पाठवला होता?" तेव्हा जुनी चॅट हाताशी लागते.

अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलकडे असतो आणि तो आयफोनला वाचता येत नाही. 2022 मध्ये 'मूव्ह टू आयओएस'मधूनच चॅट नेण्याची सोय झाली. दोन्ही फोन चार्जरला लावा, एकाच वायफायवर ठेवा, व्हॉट्सॲपचा नंबर तोच राहू द्या. पण ही सोय नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच मिळते. दुकानदाराने हौसेने फोन सुरू करून दिला, तर घरी येऊन तो पूर्ण पुसावा लागतो. म्हणून खोका बंदच घरी आणा.

आता पैशांचं. यूपीआय त्या हँडसेटला आणि त्यातल्या सिमला बांधलेलं असतं. नव्या फोनवरून बँकेला एसएमएस गेल्याशिवाय ते सुरू होत नाही. अँड्रॉइडवर ॲप हा एसएमएस स्वतःच पाठवतं. आयफोनवर तो समोर उघडतो आणि 'सेंड' आपण दाबायचं असतं. त्यानंतरही अनेक बँका काही काळ 5,000 रुपयांचीच मर्यादा ठेवतात : अँड्रॉइडवर 24 तास, आयफोनवर 72. शनिवारी संध्याकाळी फोन बदलला तर मंगळवार संध्याकाळपर्यंत ट्रान्सपोर्टवाल्याचं मोठं बिल त्यावरून भरता येत नाही. मोठी देणी आधीच चुकती करून ठेवा.

सिमचा प्रश्न सिल्वासात थोडा वेगळा आहे. हा भाग मोबाइल कंपन्यांच्या गुजरात सर्कलमध्ये येतो. पालघर किंवा नाशिककडून आलेल्या अनेकांजवळ महाराष्ट्राचं जुनं सिमही असतं, कारण बँकेला तोच नंबर जोडलेला असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये दोन प्लास्टिकची सिमं बसत नाहीत, त्यामुळे त्यातलं एक ई-सिम करून घ्यावं लागतं. इथे क्रम महत्त्वाचा. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी 24 तास एसएमएस बंद ठेवतात, आणि एसएमएस नाही तर यूपीआयची नोंदणी नाही. तेव्हा आधी ई-सिम करा, एक दिवस जाऊ द्या, मग यूपीआयच्या नोंदणीकडे वळा. तो एक दिवस हिशेबात धरा.

जुना हँडसेट एक्स्चेंजमध्ये लगेच देऊ नका. नव्या फोनवर सहा महिन्यांपूर्वीची एखादी बिल्टी शोधा. तिचा फोटो उघडला आणि अक्षरं वाचता आली, की मगच तो द्या.

पुढच्या आठवड्यात : आयफोनवरून अँड्रॉइडकडे परत येताना.