वरळीचे बेडूक, भाईंदरचा गाळ

मुंबई परिसरातले खडकांचे थर वाचायला सुरुवात होऊन पावणेदोनशे वर्षं झाली. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी वरळीच्या इवल्याशा जीवाश्म बेडकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. १८५२ मध्ये एच. जे. कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर लिहिलं. वरळीचे बेडूक होते लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात. ज्वालामुखी मधेच शांत झाला, खोलगट जागी गोडं पाणी साचलं. लोंढ्याबरोबर आलेली रेती आधी तळाला बसली, बारीक माती मागाहून सावकाश. पुढच्या पावसात पुन्हा तेच. म्हणून थर पडायला नुसता गाळ पुरत नाही, पाण्याचा वेग सतत बदलावा लागतो.

१९३०च्या दशकात के. आर. यू. टॉड यांनी कांदिवलीत गोटे आणि मातीचे एकावर एक थर नोंदवले, त्यांत दगडी हत्यारं होती. गोट्यांचा थर जोरदार प्रवाहाचा, मातीचा थर संथ पाण्याचा. टॉड यांच्या कालक्रमावर पुढे वाद झाले, पण कांदिवलीच्या मातीकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं ते त्यांच्यामुळेच.

हीच क्रिया भाईंदरच्या खाडीत आजही चालू आहे. ओहोटीला काठाचा कापलेला भाग नीट पाहावा: राखाडी चिखलाच्या पट्टीवर रेतीची बारीक रेघ, वर पुन्हा चिखल. भरती थबकते तेव्हा चिखल खाली बसतो. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात. उधाणात पाण्याला जोर असतो, रेतीही वाहून येते; भांगेच्या छोट्या भरतीला पाणी मंद, थर पातळ. मात्र निवटे आणि खेकडे बिळं करतात, तिथे या रेघा पुसल्या जातात. ज्या भागात त्यांचा वावर कमी, तिथलाच गाळ पुढे पट्टेदार खडक होऊ शकतो.

मिरा-भाईंदर १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महापालिका झालं. या काळात खाडीकाठच्या याच गाळावर मोठमोठे टॉवर उभे राहिले. अशा टॉवरच्या पायासाठी आधी बोअर घेऊन माती तपासतात; हा गाळ इतक्या ठिकाणी, इतका खोल एखादा भूशास्त्रज्ञ क्वचितच खणू शकेल. ते अहवाल एकेका बांधकामाच्या फायलीत न राहता महापालिकेने एकत्र ठेवायला हवेत, अभ्यासकांना खुले करायला हवेत. कुठे किती खोलीवर चिखल संपून कातळ लागतो, मधे शिंपल्यांचा थर कुठे आहे, हे नकाशावर मांडलं की खाडीचं जुनं पात्र कुठून जात होतं तेही कळेल.