सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

बाइक गरम झाली तरी काळा धूर, अ‍ॅव्हरेज पडलंय, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘टेम्परेचर सेन्सर गेला’? थांबा जरा.

तिची जुनी नातेवाईक बघा: अमेरिकेत विकलेली 1968 मॉडेलची फोक्सवॅगन टाइप 3. इंजिन एअर-कूल्ड, तरी फ्युएल इंजेक्शन. रेडिएटरच नाही, म्हणून सेन्सर थेट सिलिंडर हेडमध्ये. वायर काढून मल्टिमीटरने ओहम मोजायचे. 20 अंशांना साधारण अडीच हजार. इंजिन तापेल तसा आकडा उतरतो. उतरलाच नाही, तर कंट्रोल युनिटला इंजिन थंडच वाटतं आणि पेट्रोल जास्त जातं.

पण सिल्लोडला मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीसुद्धा 40 अंशांवर! तेव्हा बाराशेच्या आसपास दिसलं तर सेन्सर ठणठणीत आहे. बीएस-6 बाइकचं गणित तेच, आकडे मात्र तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या.